जुन्या चित्रपटांच्या स्वस्त डीव्हीडी: आता नाही घेतल्या तर पुन्हा मिळणार नाहीत

रीळवेडा (रविवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या सीडी लायब्रऱ्या जवळजवळ सगळ्या बंद झाल्या. मॉलमधले चित्रपटांचे कप्पे तर कधीच गेले. त्या सगळ्यांचा माल गेली काही वर्षं रद्दीवाल्यांकडे, फुटपाथवर आणि जुन्या बाजारात दहा-वीस रुपयांना निघतोय. हा ओघही आता आटत चाललाय, म्हणून धागा काढतोय. जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांच्या स्वस्तातल्या डीव्हीडी-व्हीसीडी आणखी कोण कोण जमवतं?

आधी माझी भूमिका सांगतो. 'चीप प्रिंट', 'टाइमपास माल' म्हणून या डिस्कना नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. गाजलेल्या चित्रपटांना वाली असतो. त्यांची नवी प्रत निघते, ते ओटीटीवर येतात, कलाकारांच्या पुण्यतिथीला टीव्हीवर लागतात. पण साठ-सत्तरच्या दशकातले साधे तमाशापट, कौटुंबिक, पौराणिक चित्रपट, जे तालुक्याच्या गावी आठवडाभर चालले आणि उतरले, त्यांचं काय? त्यातल्या अनेकांची घरी बघता येईल अशी मला सापडलेली एकमेव प्रत म्हणजे कुणीतरी स्वस्तात काढलेली दोन डिस्कची व्हीसीडी. ती आता पुन्हा कुणी काढणार नाही.

या स्वस्ताईचं बरंचसं श्रेय मोझर बेअरला. कोऱ्या डिस्क बनवणारी ही कंपनी २००७ साली चित्रपटांच्या धंद्यात उतरली आणि व्हीसीडी २८ रुपये, डीव्हीडी ३४ रुपये असा भाव लावला. तोवर अधिकृत डीव्हीडीला काही शे रुपये मोजावे लागायचे. डिस्क घरच्याच कारखान्यात तयार होत असल्याने त्यांना ते परवडलं, आणि पायरेटेड मालाच्या भावात अस्सल माल मिळायला लागला. पुढे डिस्कचा जमानाच सरला आणि २०१८ मध्ये कंपनी अवसायनात निघाली. पण त्या काही वर्षांत घराघरांत जे पोचलं, तेच आज माळ्यावरून खाली येतंय.

आता कामाची गोष्ट. स्वस्त डिस्कवर चित्रपट पूर्ण आहे की कापलेला, हे कसं ओळखायचं? कव्हरवरच्या '१५० मिनिटे' वर जाऊ नका, तिथे काहीही छापलेलं असतं. डिस्क लावा आणि सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र आलं की पॉझ करा. त्यावर चित्रपटाची लांबी असते, जुन्या प्रमाणपत्रांवर फुटांत, नंतरच्यांवर मीटरमध्ये. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे साधारण २७.४ मीटर. समजा प्रमाणपत्रावर १३,५०० फूट (४,११५ मीटर) आहे. ९० ने भागा, १५० मिनिटं आली. आता प्लेअरवर एकूण वेळ बघा. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी पळतात, त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. तेवढी सूट द्या. १४४ दिसलं तर चित्रपट शाबूत. १२८ दिसलं तर सोळा मिनिटं गेली, म्हणजे जवळपास दीड रीळ. एक गाणं, एखादा विनोदी प्रसंग आणि बऱ्याचदा शेवटाआधीचा एखादा दुवा.

प्रमाणपत्रच उडवलेलं असेल तर डिस्कबद्दल तिथेच शंका घ्यावी.

आपापले अनुभव लिहा. कुठे काय मिळतं, कसं जपता, सगळंच.

मुठाकाठ (रविवार, रात्री ९:४२)

वाचनखूण साठवली. फुटांचं गणित माहीत नव्हतं, आज घरातल्या सगळ्या डिस्क काढून बसणार.

टपरीवरचा_चहा (रविवार, रात्री १०:०५)

हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे की. घरात जागा नाही, प्लेअर नाही, नव्या लॅपटॉपला ड्राइव्हही नाही. एवढा खटाटोप कशासाठी? खरंच विचारतोय.

रीळवेडा (रविवार, रात्री १०:३०)

प्रश्न रास्त आहे. यूट्यूबवर जुने मराठी चित्रपट बघताना कोपऱ्यात नीट पाहा. अनेकदा व्हीसीडी काढणाऱ्या कंपनीचा लोगो तसाच असतो. म्हणजे कुणीतरी हीच स्वस्त व्हीसीडी चढवलेली असते, वर आणखी दाबून. मधे डिस्क बदलायची जागाही कळते, प्रसंग तुटतो आणि पुन्हा कंपनीची जाहिरात लागते. मूळ डिस्क तुमच्याकडे असेल तर निदान त्या साखळीतली एक पायरी तरी वाचते. शिवाय तिथला चित्रपट कधी हक्कांच्या वादात, कधी खातंच बंद पडल्याने नाहीसा होतो. माझ्या यादीतले काही असेच गेले. डिस्क कपाटात राहते.

कॅथोडरे (रविवार, रात्री ११:१५)

थोडी तांत्रिक भर.

व्हीसीडीवरचं चित्र ३५२ x २८८ ठिपक्यांचं, डीव्हीडीवरचं ७२० x ५७६, म्हणजे चौपट. व्हीसीडीच्या एका डिस्कवर जेमतेम ७४ ते ८० मिनिटं मावतात, म्हणून आपला चित्रपट दोन किंवा तीन डिस्कवर येतो. एकाच चित्रपटाची दोन्ही रूपं मिळाली तर डीव्हीडी घ्यायची हे उघड आहे, पण त्यात एक मेख आहे. '३ इन १'.

दुपदरी डीव्हीडीची क्षमता साडेआठ जीबी. तिच्यावर अडीच तासांचा एकच चित्रपट ठेवला तर सेकंदाला साधारण साडेसात मेगाबिट मिळतात, चित्र झकास. तीन चित्रपट कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मेगाबिट, आणि त्यातच आवाज. एका माणसाच्या डब्यात तिघांचं जेवण भरण्यासारखं आहे ते. नाचाच्या प्रसंगात, पावसात, घोडे धावताना चित्राचे चौकोन फुटतात. कृष्णधवल चित्रपटात धुकं किंवा उदबत्तीचा धूर आला की नुसत्या पायऱ्या दिसतात. त्यामुळे एका डिस्कवर एकच चित्रपट असेल तर तीच उचलावी, कव्हर फाटकं असलं तरी.

दुसरं, टीव्हीची सेटिंग. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंतचे चित्रपट मुळातच जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झालेत. स्वस्त डीव्हीडीवर ते तसेच असतात, त्यात दोष नाही. आपण ते रुंद टीव्हीवर ताणून बघतो आणि मग सगळे बसके, जाडे दिसतात. टीव्हीच्या मेनूत जाऊन ४:३ करा. रुंद पडद्याच्या चित्रपटांचं मात्र खरंच नुकसान झालंय. 'कागज के फूल' (१९५९) हा आपला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. असा चित्रपट दोन्ही बाजूंनी कापून चौकोनात बसवलेला मिळाला तर छायाचित्रणाचा अर्धा अर्थच जातो. तिथे पैसे वाचवू नयेत.

सदाशिवपेठी (सोमवार, सकाळी ७:५०)

कॅथोडरे, +१. रंगवलेल्या आवृत्त्यांकडेही लक्ष असू द्या. 'मुघल-ए-आझम' १९६० चा, रंगीत केलेली आवृत्ती २००४ ची. 'नया दौर' १९५७ चा, रंगीत २००७ मध्ये. मूळ कृष्णधवल प्रत हवी असेल तर पाठची बाजू वाचूनच घ्या. पुढच्या बाजूचा काहीच भरवसा नाही, कारण शुद्ध कृष्णधवल चित्रपटाच्या कव्हरवरही नायिकेचे ओठ लाल रंगवलेले असतात.

निप्पोनप्रेमी (सोमवार, दुपारी १:२०)

मी जपानी शिकवते, कामानिमित्त जपानला जाणं होतं, म्हणून तिकडची गोष्ट सांगते. पुस्तकांच्या दुकानात काउंटरजवळ ५०० येनच्या डीव्हीडींची फिरती मांडणी असायची. पाचशेचं एकच नाणं टाकायचं आणि जुना हॉलिवूडचा चित्रपट घेऊन जायचं. त्यामागचं कारण कायद्यात आहे. जपानने चित्रपटांच्या हक्कांची मुदत ५० वरून ७० वर्षं केली आणि ती दुरुस्ती १ जानेवारी २००४ पासून लागू झाली. मग १९५३ सालच्या चित्रपटांचं काय करायचं? त्यांची ५० वर्षं आदल्याच रात्री, ३१ डिसेंबर २००३ ला संपत होती. 'रोमन हॉलिडे' नेमका १९५३ चा. पॅरामाउंट कंपनी या स्वस्त डीव्हीडी थांबवण्यासाठी टोकियोच्या जिल्हा न्यायालयात गेली आणि २००६ मध्ये हरली. पुढे 'शेन' या त्याच वर्षीच्या चित्रपटावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर २००७ मध्ये तिथेही निकाल स्वस्त डीव्हीडीवाल्यांच्या बाजूने लागला. म्हणजे १९५३ पर्यंतचे चित्रपट सर्वांसाठी खुले. (चॅप्लिनच्या चित्रपटांचे हक्क मात्र वाचले. जपानच्या जुन्या कायद्यात दिग्दर्शकाच्या आयुष्यावरून मुदत मोजायची सोय होती.)

त्या डीव्हीडींवर जपानी उपशीर्षकं व्यवस्थित असतात. आपल्या स्वस्त डिस्कवर उपशीर्षकं नसतात याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांना ऐकू कमी येतं अशा आजी-आजोबांना मराठी चित्रपट मराठी अक्षरांसकट बघायला मिळाला असता तर किती बरं झालं असतं.

मुठाकाठ (सोमवार, दुपारी २:०५)

मग आपल्याकडे मुदत किती? एकाच चित्रपटाच्या तीन-चार कंपन्यांच्या डीव्हीडी दिसतात, त्या सगळ्या कायदेशीर असतात का?

कॅथोडरे (सोमवार, दुपारी ३:१०)

आपल्याकडे चित्रपटासाठी ६० वर्षं, प्रदर्शनानंतरच्या १ जानेवारीपासून मोजायची. १९५९ च्या चित्रपटाचा हक्क २०१९ अखेर संपला. गीतकार-संगीतकारांचे हक्क वेगळे, ते मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे चित्रपट मोकळा झाला तरी गाणी उचलून वेगळी वापरता येतीलच असं नाही. मुदत संपायच्या आधीच्या डीव्हीडी हक्क विकत घेऊन काढलेल्या असायला हव्यात. निर्मात्याने एकाला व्हीसीडीचे, दुसऱ्याला डीव्हीडीचे हक्क वेगवेगळ्या काळात दिले की तीन-तीन कंपन्यांची कव्हरं दिसतात.

अमेरिकेत वेगळीच तऱ्हा. १९६४ च्या आधीच्या चित्रपटांचा हक्क २८ व्या वर्षी नव्याने नोंदवावा लागायचा. नाही नोंदवला की चित्रपट मोकळा. 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) तसाच सुटला. 'शराड' (१९६३) वर तर हक्काची सूचनाच नीट छापली नव्हती, त्यामुळे तो पहिल्या दिवसापासून मोकळा. तिथल्या ५० चित्रपटांच्या खोक्यांमध्ये बहुतेक असाच माल असतो, एका खोक्यात दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या बारा डिस्क. पुण्यात परदेशातून परतलेल्या कुटुंबांच्या सामानात ही खोकी अधूनमधून निघतात. डीव्हीडी ठरावीक प्रदेशातल्या प्लेअरवरच चालावी म्हणून तिला कुलूप घालता येतं. आपले प्लेअर प्रदेश ५ चे आहेत, पण असल्या डिस्कवर सहसा हे कुलूप नसतं.

आजीचीनात (सोमवार, रात्री ८:३५)

फार उपयोगी धागा. माझ्या आजीला ओटीटी जमत नाही. लॉगिन, प्रोफाइल, शोधा, मग जाहिरात. डीव्हीडीचं तसं नाही, डिस्क घातली आणि एक बटण दाबलं की झालं. तिने 'सांगत्ये ऐका' विजयानंद टॉकीजला बघितला होता, तो तिथे दोन वर्षांहून जास्त चालला होता. ती अजूनही त्यातल्या लावण्या ओळीने म्हणते आणि डिस्कवर एखादं कडवं गेलेलं असेल तर लगेच ओळखते. रीळवेडा, तुमच्या फुटांच्या गणितापेक्षा ते जास्त अचूक आहे!

माझा प्रश्न असा की आमचा जुना प्लेअर 'नो डिस्क' दाखवतो. नवीन घ्यावा का?

सदाशिवपेठी (सोमवार, रात्री ९:००)

लगेच टाकून देऊ नका. बहुतेक वेळा लेन्सवर धूळ असते किंवा लेन्सच दमलेली असते. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत प्लेअर घेऊन जा, लेन्स साफ करून किंवा बदलून देणारे कारागीर अजून आहेत. जुना प्लेअर नव्यापेक्षा खराब डिस्क जास्त धीराने वाचतो असा माझा अनुभव आहे. टीव्हीला तीन रंगांच्या वायरची जागा आहे ना, तेवढं बघून ठेवा. हल्लीच्या काही टीव्हींना ती नसते, मग एचडीएमआयचा छोटा कन्व्हर्टर लागतो.

मुठाकाठ (मंगळवार, सकाळी ११:२५)

काल रात्री तपासल्या. एका कौटुंबिक चित्रपटाची डीव्हीडी प्रमाणपत्राच्या हिशोबाने वीस मिनिटं कमी भरली, आणि त्याचीच व्हीसीडी जवळजवळ पूर्ण! म्हणजे चित्र चौपट चांगलं पण गोष्ट अपुरी. दोन्ही ठेवतोय.

विकत घेताना दुकानात डिस्क लावून बघता येत नाही. नुसत्या डोळ्यांनी काय बघायचं?

रीळवेडा (मंगळवार, दुपारी १२:४०)

मुठाकाठ, हेच म्हणत होतो. दोन्ही ठेवा.

उन्हात उभं राहून बघायच्या गोष्टी:

खालची बाजू जांभळट किंवा निळसर दिसली तर ती घरगुती बर्न केलेली डिस्क. त्यातला रंग काही वर्षांत विटतो आणि डिस्क आंधळी होते. कारखान्यात छापलेली डिस्क चंदेरी असते. मधल्या भोकाभोवतीचं पारदर्शक कडं तिरकं धरलंत तर आयएफपीआय अशी बारीक अक्षरं आणि पुढे क्रमांक दिसतो, ही कारखान्याची ओळखखूण. ती दिसली तर बऱ्यापैकी निर्धास्त.

मग डिस्क उजेडासमोर धरा. टाचणीने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर आतला ॲल्युमिनियमचा थर गेलाय. ती सोडून द्या.

चऱ्यांबद्दल लोकांचा उलटा समज असतो. सगळे खालची चकचकीत बाजू बघतात. व्हीसीडीमध्ये मात्र आरशाचा थर वरच्या छापील बाजूच्या लगेच खाली, फक्त वार्निशच्या आड असतो. त्यामुळे छापील बाजूवरचा ओरखडा जास्त घातक, तिथे माहितीच खरवडली जाते आणि ती परत येत नाही. खालच्या बाजूचा चरा पॉलिशने बऱ्याचदा जातो. डीव्हीडी दोन पातळ चकत्या चिकटवून बनते आणि थर मधे असतो, म्हणून ती वरून जरा सुरक्षित. लायब्ररीच्या डिस्कवर छापील बाजूला स्टिकर असतो, तो खरवडून काढू नका. व्हीसीडीचा थर त्याच्याबरोबर निघतो.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, मंगळवार पेठेत. सकाळी लवकर गेलं तर डिस्क उन्हात तापायच्या आधी हाती लागतात.

कॅथोडरे (मंगळवार, दुपारी १:१५)

आपल्याकडचा पाऊस हा या डिस्कचा मोठा शत्रू. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात महिनोन्‌महिने राहिली की पाकीट डिस्कला चिकटतं आणि नक्षी उमटते. कडक केसमध्ये उभ्या ठेवा, भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. बुरशी आलीच तर कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब आणि मऊ सुती कापड. पुसायचं मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसलं आणि चरा पडला तर तो माहितीच्या वाटेवरून लांबवर जातो आणि प्लेअरला चूक दुरुस्त करता येत नाही.

आणि स्वतःपुरती हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. व्हीसीडी संगणकात घातली की 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमध्ये '.डॅट' फाइल असते, ती व्हीएलसीवर थेट चालते. डीव्हीडीची कॉपी मधेच अडकली तर डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरा. ते आधी चांगला भाग उचलतं आणि मग वाईट भागाकडे पुन्हा पुन्हा येतं. दुसऱ्या ड्राइव्हवर तीच डिस्क लावून उरलेलं भरताही येतं. रात्रभर लावून ठेवायची तयारी हवी.

टपरीवरचा_चहा (मंगळवार, सायंकाळी ६:३०)

पटलं. वडिलांच्या कपाटातली दोन खोकी रद्दीत द्यायची होती, ती थांबवली आहेत. पण एक सांगा, आपल्या पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, ते हे काम करतंच ना? आपल्या घरातल्या व्हीसीडीने काय मोठा फरक पडणार?

रीळवेडा (मंगळवार, रात्री १०:२०)

खोकी थांबवलीत हे फार चांगलं केलंत.

संग्रहालय जपतं ती फिल्म, आणि ते काम आपल्याला जमणारं नाही. १९६४ साली ते सुरू झालं, पी. के. नायर यांनी ते उभं केलं, आणि हा चित्रपट मोठा, हा फालतू अशी निवड न करता मिळेल ते जमवलं. मला त्यांचं तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. तरीही २००३ च्या जानेवारीत जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांची रिळं गेली. एकाच जागी ठेवलेल्या वस्तूला हा धोका असतोच. आपली व्हीसीडी म्हणजे फिल्म नव्हे, चित्र पुसट, गाणं तुटलेलं. पण ती पुण्यातल्या पन्नास घरांत पन्नास ठिकाणी आहे. एखाद्या चित्रपटाचा संवाद, चाल, चेहरा कुणाला शोधायचा असेल तर घरातून काढून दाखवता येतं. तसंच जुन्या जाहिराती, गाण्यांच्या पुस्तिका, स्थिरचित्रं घरात सापडली तर ती संग्रहालयाला दाखवा. तिथे अशा साहित्याचाही संग्रह आहे.

खोकी उघडलीत की पहिल्यांदा मराठी व्हीसीडी बाजूला काढा, त्यातही १९८० च्या आधीच्या. त्यांची दुसरी प्रत मिळणं सगळ्यात कठीण. गाजलेल्या हिंदी चित्रपटांची घाई नाही. नाव, साल, कंपनी, प्रमाणपत्रावरची लांबी आणि डिस्कवरची मिनिटं एवढं इथे लिहिलंत तर मी सगळ्यांची मिळून यादी करतो. कुणाकडे कुठला चित्रपट पूर्ण आहे ते तरी कळेल.

टपरीवरचा_चहा (बुधवार, सकाळी ८:१०)

शनिवारी खोकी उघडतो. लॅपटॉपसाठी यूएसबी ड्राइव्हही बघतोय.

आजीचीनात (बुधवार, सकाळी ९:४५)

प्लेअर तपकीर गल्लीत दिला, लेन्स बदलावी लागणार म्हणाले, परवा मिळेल. रीळवेडा, यादीत आजीची मागणी घालून ठेवा: १९६० च्या आसपासचे तमाशापट, व्हीसीडी चालेल, गाणी कापलेली नकोत. कुणाकडे दोन प्रती असतील तर एक मी विकत घेईन, नाहीतर बघून परत करेन.